डावी पाकळी

अण्णा, तू गेल्यापासून तुझ्यावर रागावायचीही चोरी झालीय. तुझ्या ओट्यावर जो येतो तो म्हणतो, "काय माणूस होता, काय आवाज होता!" मी तुझी चुलत बहीण, एका आंगणात आपली दोन घरं, म्हणून इतके दिवस मीही तिथे बसून मान डोलावत होते. गोळी चढली की माझी मान तशीही डोलते. लोकांना वाटलं असेल, बाय भावासाठी किती हळहळतेय.

हळहळत नव्हते असं नाही. रडलेसुद्धा, न्हाणीघरात बादली वाजवून रडले. पण राग त्याहून जुना आहे, आणि तू मेलास म्हणून तो निवळला नाही. उलट आता त्याला उत्तर देणारं कोणी उरलं नाही, म्हणून जास्तच चढलाय. माझं अक्षर आता मुंगीएवढं झालंय, तरी लिहायला बसले.

माझा आजार आधी उघडा झाला. कंपवात, डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. डिचोलीला वीज खात्याच्या खिडकीत बसून मी जन्मभर लोकांशी भांडले, मला घाबरून माणसं सुटे पैसे आणायची, आणि निवृत्त झाले तर माझाच हात बशीवर कप वाजवायला लागला. मग पाय. सपाट जमिनीवर ठीक चालायचे, दाराची चौकट आली की पाय जमिनीला खिळायचे. आतून हुकूम सुटायचा, पाय ऐकायचे नाहीत. म्हापशाच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी श्रद्धा, ती दोडामार्गची मुलगी, मला म्हणाली, "मावशी, पाण्यात चालून बघा. छातीभर पाण्यात माणूस चटकन पडत नाही, पडला तर सावकाश पडतो. मोठं पाऊल टाकायची भीती जाते. आजार जाणार नाही आणि गोळ्या सुटणार नाहीत, हे आधीच सांगते. पण चालणं सुधारेल."

समुद्राकडच्या हॉटेलांतून तलाव आहेत म्हणे. तिथे थरथरणाऱ्या म्हातारीला कोण उतरवून घेणार, असं मी वहिनीला सांगत होते. तू ओट्यावर नारळ सोलत बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "आणि आपली तळी खंय गेली? देवान पाणी दिलां तां हाटेलवाल्यांक विचारून काय?"

म्हणजे तळीत उतरायची कल्पना तुझी होती, अण्णा. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवते.

रस्त्याखालची आपली ती तळी, चिऱ्याच्या पायऱ्यांची. झरा जिवंत, त्यामुळे मे महिन्यातही छातीपर्यंत पाणी. आपण दोघं पोहायला तिथेच शिकलो, म्हणजे तू शिकलास आणि मी पायरी धरून पाय आपटले. श्रद्धा येऊन तळ चाचपून गेली, शेवाळ खरवडून घेतलं, एक दोर बांधला, आणि नियम घालून दिला की एकट्याने कोणी उतरायचं नाही. पहिल्या दिवशी तिने आपल्याला समोरासमोर उभं केलं. तू माझे दोन्ही हात धरायचे आणि उलटं, मागे मागे चालायचं. मी तुझ्याकडे बघत पुढे यायचं. मी घाबरून हातांवर नखं रुतवली. तू म्हणालास, "घाबरां नको गो बाय. मी आसंय मरे."

चार पावलं गेलो तेव्हा मला ते कळलं. पाण्याखाली आपले हात एकमेकांत होते, आणि हातांत कंप होता, तो माझा मला ओळखीचा. मग वाटलं, हा सगळा माझा नाही. माझा उजव्या हाताला आहे, आणि हलत होता डावासुद्धा. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू पाण्याकडे बघत होतास.

वर आल्यावर तुवाल्याने डोकं पुसत तू हसलास, "तुजो वारो लागलो माका." आणि मग हसू संपल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणालास, कोणाला सांगू नको. वहिनीला ठाऊक होतं, श्रद्धाला सांगावं लागलं, आणि मी. बाकी गावाला तू म्हणजे आजारी बहिणीला आधार द्यायला पाण्यात उतरणारा भाऊ. लोक तुझं कौतुक करायचे. मी गप्प बसायचे.

कारण मला कळत होतं. आपल्या घराकडे देवळातलं गाऱ्हाणं. कोणाचं काही अडलं, लग्न असो, विहीर असो, देवाला कौलाच्या पाकळ्या लावल्या की त्याच्यापुढे उभं राहून गावाच्या वतीने मागणं मांडायचं ते काम काकांनंतर तुझ्याकडे आलं. तुझा आवाज असा की तू "बा देवा महाराजा" म्हणालास की देवळाच्या चौकातल्या बायका बोलायच्या थांबायच्या. आणि ह्या आजारात पायाच्या आधी कधी कधी आवाज जातो. हळूहळू खाली बसतो, ज्याचा त्याला कळतही नाही. त्याला वाटतं, आपण बोलतोय, समोरचेच बहिरे. तुझा बसायला लागला होता. शिमग्यात मागचे लोक "काय म्हटल्यान?" असं विचारत होते. तू घरी येऊन मायक्रोफोनवाल्याला शिव्या घातल्यास.

श्रद्धा म्हणाली, पाण्यात उभं राहून मोठ्याने आकडे म्हणा, छातीवर पाण्याचा दाब असतो, श्वास कसून घ्यावा लागतो, आवाजाला व्यायाम होतो. तू म्हणालास, आकडे म्हणायला मी काय शाळेत आहे? आणि तू गाऱ्हाणं सुरू केलंस. तेव्हा आपण चारपाच जण झालो होतो. मुळगावचा रघू, जन्मभर खाणीवर ट्रक चालवलेला, लाटंबार्शाच्या एक बाई सुनेला घेऊन यायच्या, डिचोलीचे एक मास्तर. सगळे पाण्यात गोल उभे, आणि मधे तू.

"बा देवा, बारा वाड्यांच्या धनया महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही. आणि एक पाऊल.

"ज्येचो पाय अडकलो, तेचो पाय सोडव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" दुसरं पाऊल.

"ज्येका चाय हातात धरता येना नाय, तेच्या सुनेक धरूक शिकय रे महाराजा!"

सून पायरीवर बसून पदरात हसायची. रघूचा चेहरा आजाराने लाकडासारखा झाला होता, तोसुद्धा हसला एकदा, त्याच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. तो ठेका पायांत असा भिनला की घरी चौकटीत अडकले की मी मनात "व्हय महाराजा" म्हणायचे आणि पाय उचलायचा. श्रद्धाने डोक्याला हात लावला. म्हणाली, माझ्या शिक्षणात हे नव्हतं. नंतर पाव विकणारा पोदेर यायचा, गरम उंडे आणि वहिनीच्या थर्मासातला चहा, ओल्या कपड्यांवर तुवाले पांघरून. त्या दिवसांसाठी तुझे उपकार आहेत, अण्णा. ते मी नाकारत नाही. उपकार नसते तर पुढचं एवढं लागलं नसतं.

तुझा आवाज परत आला. अगदी पहिल्यासारखा नाही, पण चौक भरेल एवढा.

मग बोलणी सुरू झाली. बाहेरगावची माणसं तळीत उतरतात. बायका ओल्या कपड्यांत. आणि रोगी. पोरं त्याच पाण्यात पोहतात, उद्या त्यांचे हात हलायला लागले तर? श्रद्धा देवळाच्या समितीपुढे जाऊन समजावून आली की हा आजार पाण्यातून काय, कशातूनच कोणाला लागत नाही. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, देवालाच विचारू. मी निर्धास्त होते. गाऱ्हाणं तू घालणार होतास.

त्या दिवशी आम्ही सगळे चौकात खांबांच्या कडेला उभे होतो. भटजींनी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, उजवीकडे आणि डावीकडे. तू पुढे आलास, हात घट्ट जोडलेले, आणि ते तसे का घट्ट आहेत हे तिथे मला एकटीला ठाऊक. पहिलं गाऱ्हाणं तू सरळ घातलंस. "ही आजारी लेकरां तुज्या तळीत उतरतत. उतराक देवचां आसात तर उजवी पाकळी दी, नको आसात तर डावी दी रे महाराजा." काय आवाज लागला होता! रघूने माझ्याकडे बघितलं.

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. अशा वेळी पुन्हा मांडतात, रीत आहे. समई फडफडत होती, मागे कोणीतरी म्हणालं, "अण्णाकच विचारा, तोय रोज पाण्यात आसता." कोणीतरी हसलं. अध्यक्ष तुझ्या हातांकडे बघत होते, की मला तसं वाटलं, देव जाणे. तुझी मान ताठ झाली. आणि तू दुसरं गाऱ्हाणं घातलंस.

"बा देवा महाराजा! ह्या भायल्या आजारी माणसांचो वारो पाण्यातसून तुज्या गावच्या पोराबाळांका लागाचो आसात, तर डावी पाकळी दी, आणि आमका राख रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव म्हणालं.

डावी पाकळी लगेच पडली.

देवावर माझा राग नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं असेल, किंवा पाकळी नुसती सुकून पडली असेल. पण वारा हा शब्द तुझा होता, अण्णा. तुवाल्याने डोकं पुसत तू माझी थट्टा केली होतीस, तोच तू देवापुढे आमच्यावर टाकलास. आणि ज्या आवाजात टाकलास तो आवाज तुला तळीने दिला होता. आमच्यात गोल उभा राहून, आमच्या "व्हय महाराजा"वर तू तो कमावला होतास. भायली माणसं म्हणालास. मी भायली? रघूने तुझ्याकडे बघणं सोडून खाली बघितलं आणि बायकोच्या खांद्याला धरून चौकातून निघाला. उंबऱ्यात त्याचा पाय अडकला. तू बघितलंस ते. मी तुझ्याकडेच बघत होते.

मी त्याच वेळी ओरडू शकले असते, ह्याचे हात सोडवून बघा म्हणून. घसा माझा चांगला आहे. पण तुला शब्द दिला होता. तू माझा विश्वास मोडत होतास त्या मिनिटाला मी तुझा पाळत होते, आणि ह्या गोष्टीची मला अजून चीड येते.

त्यानंतर आपण बोललो नाही. चवथीला वहिनीने पातोळ्या पाठवल्या, मी ताट रिकामं कसं पाठवायचं म्हणून नेवऱ्या घालून परत केलं. ताटं येत जात राहिली, माणसं नाही. श्रद्धाने दुसरीकडे खटपट केली, कुठे पाणी उथळ, कुठे मालक तयार नाही. लाटंबार्शाच्या बाई घरात पडल्या, माकडहाड मोडलं, आता अंथरुणावर आहेत. माझी पावलं परत लहान झाली. "व्हय महाराजा" म्हटलं तर पाय उचलायच्या ऐवजी मला तो चौकच आठवायचा. तेही तू नासवलंस.

आणि तुझा आवाज गेला. जाणारच होता, पाण्यातला व्यायाम सुटला होता. पुढच्या जत्रेला तू उभा राहिलास आणि पहिल्या रांगेपलीकडे काही पोचलं नाही, असं लोक सांगत आले. त्यांना वाटलं वयामुळे. ह्या दिवसाची मी वाट बघितली होती, आणि आला तेव्हा मला भात गेला नाही. गाऱ्हाणं दुसऱ्या घराकडे गेलं. ज्याच्यासाठी तू आम्हाला विकलंस, ते तुझ्याकडे एक वर्षसुद्धा टिकलं नाही रे.

शेवटी शेवटी तू एकदा आलास. दुपारची वेळ, मी पायरीवर आमसुलं पसरत होते. आंगण ओलांडायला तुला किती कष्ट पडले ते मी बघत होते, छोटी छोटी पावलं, मधेच थांबून परत. पायरीशी उभा राहिलास. तुझे ओठ हलले. बराच वेळ हलत होते. काहीतरी लांब होतं, एक शब्द नव्हता. मला काही ऐकू आलं नाही.

मी म्हटलं, "मोठ्यान उलय. आयकाक येना नाय."

तू परत ओठ हलवलेस. मी जवळ आले नाही, आणि येणार नव्हते. चौकात जे सगळ्या गावाला ऐकू गेलं, त्याचं उत्तर माझ्या कानात कुजबुजून मिटवायचं? असं मला वाटलं, आणि आजही तसंच वाटतं. तू थोडा वेळ आमसुलांकडे बघितलंस आणि वळलास. मग खोकला, मग ताप, मग म्हापशाचं हॉस्पिटल, नाकात नळी. मी भेटायला आले तेव्हा तू झोपेतच होतास.

आता काल काय झालं ते तुला सांगते, कारण ते तू बघायला हवं होतंस.

काल तुझा बारावा. आपल्या भावकीची रीत तुला ठाऊकच आहे. सुतक फिटलं की घरच्यांनी तळीत बुडी मारायची, मगच देवाच्या पायऱ्या चढायच्या. समितीने तळी आम्हाला बंद केली तेव्हा हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अध्यक्ष वरच्या पायरीवर उभे होते, मला खाली उतरताना बघून त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. बहिणीला भावाच्या सुतकाचं न्हाण कोण नाकारणार? तुझ्या मरणाने मला पाणी मिळालं, अण्णा.

वहिनीने मला धरून उतरवलं. शेवाळ परत धरलंय पायऱ्यांवर. पाणी छातीपर्यंत आलं आणि पाय हलके झाले, ते सगळं आठवलं पायांना, माझ्या आधी आठवलं. सगळ्यांनी बुड्या मारल्या, बायका केस पिळत वर जायला लागल्या. तुझा मुलगा म्हणाला, "आते, चल भायर." मी गेले नाही. मी वळून पायऱ्यांकडे तोंड केलं, सगळी भावकी ओल्या कपड्यांत उभी, आणि श्वास घेतला, श्रद्धाने शिकवला तसा.

"बा देवा, बारा वाड्यांच्या धनया महाराजा!"

बाईने गाऱ्हाणं घातलेलं त्या पायऱ्यांनी कधी ऐकलं नसेल. पण सवय ती सवय. "व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"माज्या भावाक माजोच आजार होतो रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तेका तो माजो लागाक नाय. पाण्यातसून लागाक नाय. ह्याच पाण्यान तेका आवाज दिलो होतो रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" म्हणून झाल्यावर आपण कशाला हो म्हणालो ते एकेकाला कळायला लागलं. केस पिळायचे हात थांबले. अध्यक्षांनी तुझ्या मुलाकडे बघितलं, मुलाने आईकडे. मला वाटलं, आता वहिनी मला ओढून बाहेर काढणार. इतकी वर्षं तिनेही दार लावून ते सांभाळलं होतं. वहिनी खालच्या पायरीवर होती, गुडघाभर पाण्यात. तिने हात जोडले.

"व्हय महाराजा," वहिनी म्हणाली. एकटीच.

 मला बाहेर यायला मग कोणी सांगितलं नाही. आज सकाळी रघूला फोन केला, बायकोने उचलला, म्हणाली विचारून सांगते. श्रद्धाला दोर घेऊन ये म्हटलंय. समिती काय करील ते करो, पाकळ्या लावायच्या तर परत लावू दे. ह्या खेपेला गाऱ्हाणं कोण घालणार ते मी त्यांना विचारणार आहे.

तू मोडलंस ते मोडलंसच. मी तुला माफ केलं असं कोणी सांगितलं तर खरं धरू नकोस. काल मी पाण्यात सवयीने दोन्ही हात पुढे केले, आणि समोर उलटं चालणारं कोणी नव्हतं. तरी चालले. पलीकडच्या पायरीपर्यंत गेले आणि चिरा धरून उभी राहिले, पाणी छातीशी लागत होतं, आणि त्या दुपारी माझ्या पायरीशी तुझे ओठ एवढा वेळ का हलत होते, तेवढंच डोक्यात होतं.

मोठ्यान उलय रे, अण्णा. आयकाक येना नाय.